मोहाखाली पुरलेली चमेली

गोंदिया,
१२ डिसेंबर २०२५

पतिराम दादा,
जय सेवा.

परवा संध्याकाळी फोन केला होता तो मीच. मी "दादा" म्हटलं, "मी चमेली बोलून राहिली" म्हटलं, आणि तू एक शब्द न बोलता फोन ठेवलास. तेव्हापासून तुझा नंबर लागत नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. इतक्या वर्षांत मराठी लिहिलं नाही, अक्षर वाकडं येऊन राहिलं आहे, समजून घे.

तुला राग आला असेल तर तो तुझा हक्क आहे. आश्रमशाळेतून मी नक्षल्यांच्या दलममध्ये गेले ती गेलेच. ना निरोप, ना पत्र. तिथं निरोप पाठवणं म्हणजे घरच्यांच्या दारात पोलीस पाठवणं, असं सांगायचे. पुढंपुढं मलाही ते सोयीचं वाटू लागलं.

दिवाळीनंतर आमच्या दलमनं हत्यारं खाली ठेवली. तीन राज्यांच्या सीमेवरच्या डोंगरांत आमचं फिरणं असायचं. सकाळी महाराष्ट्रात चूल पेटवायची, दुपारी छत्तीसगडात जेवायचं, मागं पोलीस लागले की मध्य प्रदेशात उतरायचं. इकडचे पोलीस सीमेवर थांबायचे, तिकडच्यांना खबर पोचेपर्यंत आम्ही पुढं गेलेलो. आता ते सगळं संपलं म्हणतात. मी गोंदियात सरकारी देखरेखीतल्या एका घरात राहते. आम्हा बायांना शिवणकाम शिकवून राहिले आहेत.

बा कसे आहेत? मायचे गुडघे कसे आहेत? मला घरी यायचं आहे. परवानगी मिळेल, पण आधी घरच्यांचा होकार लागतो. तू कळव.

तुझी बहीण,
चमेली

---

भेलवाटोला, ता. सालेकसा,
२० डिसेंबर २०२५

चमेलीच्या नावानं पत्र लिहिणाऱ्या बाईस,

तुम्ही कोण आहात, मला माहीत नाही. माझी बहीण मेली आहे. सहा वर्षं झाली. सीमेपलीकडच्या डोंगरात चकमक झाली आणि मेलेल्यांत ती असावी म्हणून पोलिसांनी आम्हाला तिकडच्या दवाखान्यात बोलावलं. चेहरा पाहण्यासारखा राहिला नव्हता. बानं हातातलं कडं ओळखलं. मायनं घडवून घेतलेलं, आतल्या बाजूनं मोराची खूण असलेलं कडं. आम्ही तिला ट्रॅक्टरमध्ये घालून आणलं आणि आमच्या धानाच्या बांधीच्या कडेला मोहाच्या झाडाखाली पुरलं. बा दोन वर्षांनी गेले, त्यांनाही तिच्याच शेजारी ठेवलं.

आमच्या टोल्यात फोनला रेंज एकाच ठिकाणी येते, त्या मोहाखाली. तुमचा फोन आला तेव्हा मी तिच्या दगडाजवळच उभा होतो. खाली ती, आणि कानात तिचा आवाज. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? मी फोन ठेवला, बंद केला आणि अजून चालू केलेला नाही.

आवाज कोणीही काढू शकतो. पण पत्रातलं 'ळ' तिच्यासारखं आहे, खालची गाठ उलटी. म्हणून एक विचारतो. ज्या दिवशी ती गेली, त्या दिवशी निघताना माझ्याशी काय बोलली? हे तिला आणि मलाच ठाऊक आहे. उत्तर चुकलं तर पुन्हा लिहू नका. मायला मी काही सांगितलेलं नाही.

पतिराम मडावी

---

गोंदिया,
२४ डिसेंबर २०२५

दादा,

काहीच बोलले नव्हते. तू बोडीच्या पाळीवर, पाण्याकडेला, सायकलची चेन बसवत होतास. "शाळेत चालली काय?" विचारलंस. मी नुसती मान हलवली. तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं आणि मग जाणं झालं नसतं.

बा गेले हे तुझ्या पत्रातून कळलं. इथं शिवणाच्या मशीनवर बसून मी ते पत्र वाचलं. शेजारच्या बाईला वाटलं, बोटात सुई गेली.

आता कड्याचं सांगते. ते मी हुंगीला दिलं होतं. हुंगी माझ्याहून लहान, इंद्रावती नदीच्या पलीकडची, बस्तरातली. तिथून चालत आमच्या डोंगरांत आणलेली. तिला आपला मुलूख ओळखीचा नव्हता. इथं साग जास्त, इथली माती वेगळी, असं म्हणायची आणि रात्री झोपायची नाही. एकदा तिला हिवताप चढला. माझं कडं घट्ट धरून पडून राहायची. उतरल्यावर परत देऊ लागली, मी म्हटलं राहू दे.

चकमकीच्या दिवशी आमचे दोन गट झाले. मी मध्य प्रदेशच्या बाजूनं गेले, ती छत्तीसगडच्या. गोळीबार ऐकला. पुढं कळलं की तीन गेले, त्यात हुंगी. तिला कुठं नेलं, कोणी जाळलं की पुरलं, ते कधीच कळलं नाही. तिच्या घरी सांगायलाही कोणी गेलं नसेल. दलममध्ये नाव बदलतात, गाव बदलतं. मेलेल्याला परत त्याचं नाव देणारं तिथं कोणी नसतं.

म्हणजे ती आपल्याकडे आहे दादा. बाच्या शेजारी.

चमेली

---

भेलवाटोला,
४ जानेवारी २०२६

चमेली,

तूच आहेस. मानायला मला आठवडा लागला.

आता जे लिहितो ते कोणाला दाखवू नकोस. तुला पुरलं, म्हणजे तिला पुरलं, त्याच हिवाळ्यापासून माय म्हणत आली की चमेली येते. दिवस बुडताना गुरांच्या कोठ्यापाशी उभी असते. घराकडे पाठ, तोंड दक्षिणेला. माय रोज एक गडवा पाणी तिथं ठेवते. आम्ही म्हटलं, म्हातारं माणूस आहे, लेक गेली आहे, ठेवू दे. पण गडवा सकाळी रिकामा असतो आणि शेजारी मातीवर ओला डाग असतो. पहिला घोट कोणीतरी खाली सांडून मग प्यालेलं असावं तसा. मी म्हणायचो, कुत्रं पीत असेल. कुत्रं गडवा उभा ठेवून पाणी पितं का, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

बैल त्या वेळी चारा सोडून सगळे एकाच बाजूला बघतात. कुत्रं भुंकत नाही, शेपूट हलवतं.

माय तिच्याशी गोंडीत बोलते. तक्रार एकच करते, की चमेलीची बोली बिघडली, अर्धं समजत नाही. "थे लोन, लोन म्हनते," माय सांगते. मला वाटलं, बचत गटाच्या बाया लोनचं बोलतात ते मायच्या कानात बसलं असेल. मेलेल्या माणसाला कर्ज कशाला लागतं, असं म्हणून मी हसलोही होतो.

पण तुझा फोन आला त्या दिवसापासून ती कोठा सोडून अंगणात येऊन राहिली. माझी बायको दुर्गा तुळशीजवळ दिवा लावत होती. मागून कोणी म्हणालं, "लोन." दुर्गाला वाटलं गटाचीच कोणी आली. "उद्या ये बाई," म्हणून वळली तर अंगण रिकामं. सारवलेल्या जमिनीवर ओली पावलं उंबऱ्यापर्यंत आली होती. आत नव्हती आली. तेव्हापासून दुर्गा दिवस बुडायच्या आधी दार ओढून घेते. पावलं मी स्वतः पाहिली.

आणि तुझ्या येण्याचं. माझा होकार आहे, पण गावाचं सांगता येत नाही. समोरचे केशोराव बिसेन तुला आठवत असतील. तू गेल्यावर तीन वर्षांनी दलमनं खबऱ्या म्हणून त्यांना शेतातून उचललं आणि सीमेपलीकडे नेलं. ते पोलिसांशी बोलले होते हे खरं, पण ते चोरीला गेलेल्या मोटारपंपासाठी. प्रेतसुद्धा परत आलं नाही. तरी तुला पुरलं तेव्हा त्यांची बायको मनकर्णाबाई आली आणि मूठभर माती टाकून गेली. मेलेल्या चमेलीला गावानं माफ केलं होतं. जिवंत चमेलीचं काय, ते मला ठाऊक नाही.

हत्यारं ठेवली म्हणतात ते टिकेल काय? तू आतून पाहिलं आहेस, म्हणून विचारतो.

पतिराम

---

गोंदिया,
९ जानेवारी २०२६

दादा,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मग घराबाहेर उन्हात जाऊन बसले.

लोन म्हणजे कर्ज नाही. आपण गोंडीत घराला रोन म्हणतो. तिच्या भागात लोन म्हणतात. यावरून मी तिला चिडवायची. ती म्हणायची, तुमच्याच जिभा वाकड्या. पाण्याचा पहिला घोट जमिनीला द्यायची सवयही तिचीच. तहानेनं घसा सुकलेला असला तरी आधी जमिनीला.

सहा वर्षं ती तुमच्या दारात उभी राहून घर मागून राहिली आहे. मायनं तिला पाणी दिलं, पण चमेली म्हणून दिलं. ती काय करेल?

तिच्या गावचं नाव मला माहीत आहे. त्या बाजूची एक बाई आमच्याबरोबर सरेंडर झाली, तिच्या मावशीचं गाव जवळच आहे. तिच्याकरवी निरोप पाठवला. माघ पौर्णिमेला कचारगडच्या जत्रेला बस्तरातून गाड्या भरून आपले लोक येतात. हुंगीची आई जिवंत असेल आणि तिला यायचं असेल, तर त्या गाडीत बसवून आणतील. तू जत्रेत जा. तिकडचे लोक पायथ्याशी उतरतात, तिथं विचार. मायला आता सगळं सांगायला लागेल. तुझ्यावर सोडते.

टिकेल का, ते मागून लिहिते.

चमेली

---

भेलवाटोला,
८ फेब्रुवारी २०२६

चमेली,

हुंगीची आई आली होती. क्रमानं सांगतो.

मायला मी संक्रांतीनंतर सांगितलं. तू जिवंत आहेस हे तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "मंग कोठ्यापाशी कोन हाये?" मी हुंगीचं सांगितलं. त्या संध्याकाळी मायनं गडवा ठेवला आणि तुझ्या नावानं हाक मारली नाही. नुसती उंबऱ्यात बसून राहिली. नंतर मला म्हणाली की परक्याची लेक इतके दिवस उभी ठेवली, बस म्हटलं नाही.

जत्रेत चार-पाच राज्यांचे लोक, ढोल, पिवळे झेंडे, गुहेकडे चढणारी रांग. मी पायथ्याशी गाड्या विचारत फिरलो. दुसऱ्या दिवशी एका जीपजवळ एक बारीक बाई बसलेली दिसली, पाणी पीत होती. पहिला घोट तिनं खाली सांडला. मी जवळ गेलो आणि हुंगीचं नाव घेतलं. ती उठून उभी राहिली.

तिला मराठी येत नाही, हिंदी थोडी. तिचा पुतण्या सांगत गेला. लेक मेल्याची खबर तिला तुझ्या निरोपानंच मिळाली. तोवर तिला वाटायचं, लेक महाराष्ट्रात कुठंतरी आहे, लग्न करून राहिली असेल. रोज भात जास्त रांधायची.

त्यांना घेऊन घरी आलो. हुंगीची आई सरळ मोहाकडे गेली, रस्ता कोणी दाखवला नव्हता. दगडावर हात ठेवून बसली. माय तिच्याजवळ जाऊन बसली. दोघी आपापल्या गोंडीत बोलू लागल्या. आधी एकमेकींना समजत नव्हतं, मग थोडं समजू लागलं. मायनं कड्याचं सांगितलं, ते आत तिच्या हातातच आहे म्हणून. पुतण्या म्हणाला, सरकारकडे अर्ज करून उकरून घेता येईल. त्या बाईनं नाही म्हणून मान हलवली आणि काही बोलली. त्यानं अर्थ सांगितला: हाडं राहू द्या, ती आता तुमच्या जमिनीची झाली. मी तिला घेऊन जाते.

दिवस कलल्यावर ती आमच्या कोठ्यापाशी गेली. बैलांनी चारा सोडला. गावातली बरीच माणसं कुंपणापलीकडे उभी होती, मनकर्णाबाईही. त्या बाईनं पदर पसरून थोडी माती घेतली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "वा, लोन." ये, घरी. मग ती चालू लागली, मागं न बघता. प्रत्येक वळणावर तेच म्हणायची. माय तिच्याबरोबर निघाली, तसल्या दुखऱ्या गुडघ्यांनी. मी आणि दुर्गा मागं.

पुढचं मी देवाशपथ लिहितो. धुळीच्या रस्त्यावर आमच्यापुढं दोन म्हाताऱ्या चालत होत्या, आणि त्यांच्या मधोमध तिसरी पावलं उमटत होती. ओली. दुर्गानं माझा हात धरला होता, तिनंही पाहिली. कुत्रं ओढ्यापर्यंत आलं. त्या ओढ्याच्या पलीकडे छत्तीसगड लागतं. तिथं ती बाई थांबली आणि पाण्याकडे बघत बरंच काही बोलली. पुतण्यानं सांगितलं, लेकीला ती समजावते आहे की ही रेघ माणसांनी मारलेली आहे, घाबरू नको, ओलांड. जीप पलीकडे उभी होती. त्या मायलेकी गेल्या. परतताना रस्ता कोरडा होता.

तेव्हापासून कोठ्यापाशी काही नाही. गडवा भरलेला राहतो. माय दोन दिवस जेवली नाही. मला वाटलं आजारी पडते. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "थे गेली. आता माही येऊ दे."

आणि काल मनकर्णाबाई आमच्या अंगणात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बसली नाही. म्हणाली, "परक्या राज्यातली बाई येऊन आपली लेक घेऊन गेली. माह्या मानसाले कोन आनन? तुह्या बहिनीले लिव. थो कुठं हाये थे तिले ठाऊक असन, तं दाखव म्हना. मंग गावात ये म्हना."

तुला ठाऊक आहे काय? ठाऊक नसेल तर तसं लिही. खोटं काही लिहू नको.

पतिराम

---

गोंदिया,
१३ फेब्रुवारी २०२६

दादा,

ठाऊक आहे. मी तेव्हा दुसऱ्या गटात होते, पण ती जागा सगळ्यांना ठाऊक होती, कारण त्या वाटेनं आम्ही जायचं टाळायचो. इथल्या साहेबांना सांगितलं आहे. त्यांनी मध्य प्रदेशात बालाघाटच्या पोलिसांना कळवलं. मनकर्णाबाईला आणि तिच्या मुलाला, ओमेशला, बोलावणं येईल. बाकी कोणाला नेणार नाहीत.

चमेली

---

गोंदिया,
२४ फेब्रुवारी २०२६

दादा,

काल जाऊन आलो. ओमेश सगळं सांगेलच, पण माझ्याकडूनही ऐक.

दोन राज्यांचे पोलीस एकाच गाडीत होते. मला त्याचंच नवल वाटत होतं. मनकर्णाबाईला माझ्या शेजारी बसवलं. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हातारी झाली आहे, दादा. घाट चढताना तिनं विचारलं, "तुमी त्या वाटेनं काऊन जात नवते?"

मी सांगू की नको असं झालं. पण खोटं नको असं तू लिहिलं होतंस. मी सांगितलं की तिथून जाताना मागून खोकला ऐकू यायचा. भर दुपारी. रांगेतला शेवटचा माणूस वळून बघायचा तर मागं कोणी नसायचं. मग शेवटी कोणी चालायला तयार होईना.

"कसा खोकला?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, दोनदा कोरडा, मग थांबून एक मोठा, घशात काही अडकल्यासारखा.

तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. मग म्हणाली, "थोच. बिडी सोडत नवता."

ओढ्याच्या वरच्या अंगाला सालाची झाडं आहेत, तिथं दगड रचलेले होते, झाडोऱ्यानं झाकले होते. मी दाखवले. त्यांनी उकरलं. मला वाटत होतं, दुसराच कोणी निघेल. पण कमरेचा चांदीचा करदोडा निघाला, तो ओमेशनं ओळखला. ओमेश एका झाडाला टेकून खाली बसला. मनकर्णाबाई रडली नाही. खड्ड्याच्या काठाशी जाऊन, घरात उशीर झाल्यावर बोलावं तशा आवाजात म्हणाली, "चला, घरी चला."

तेव्हा खोकला आला. सगळ्यांनी ऐकला. एक शिपाई बंदुकीला हात घालून वळला. मागं कोणी नव्हतं. खोकला एकदाच आला, मग उतरणीवर पाचोळा वाजत गेला, गाडीच्या दिशेनं. येताना मनकर्णाबाईनं आपल्या दुसऱ्या बाजूला जागा सोडली आणि मला खेटून बसली. तिचं अंग माझ्या अंगाला लागत होतं. सालेकशापर्यंत ती बाजूला सरकली नाही.

कागदपत्रं झाली की त्यांना केशोरावांची हाडं मिळतील. उतरताना ती माझ्याकडे न बघता बोलली. ते जसंच्या तसं लिहिते: "तू ये तुह्या घरी. मी तुह्याशी बोलनार नाई. पन तू रस्त्यानं जात असली तं दार लावनार नाई."

तू टिकेल का विचारलं होतंस. त्या डोंगरांत अशा आणखी जागा आहेत, तिथली माणसं घरी पोचली तर टिकेल. काही मला ठाऊक आहेत, काही इतरांना. आम्ही इथं बसून आठवत असतो, कोण कुठं राहिलं. कालपासून मी माझ्या जागा साहेबांना सांगायला सुरुवात केली आहे. काही सीमेच्या आपल्या बाजूच्या आहेत, काही तिकडच्या.

होळीच्या आधी मला परवानगी मिळेल. मायला सांग, बसनं येईन. दिवसाउजेडी येईन आणि मनकर्णाबाईच्या दारावरूनच येईन.

तुझी,
चमेली